बल्ब सरांचा हेवा

बटन दाबून टाळ्या घेणारे पुढारी मी पुष्कळ पाहिले आहेत. नळयोजनेपासून स्वच्छतागृहापर्यंत आपल्याकडे सगळ्याचं उद्घाटन बटन दाबूनच होतं. पण बटन न दाबता टाळ्या घेणारा माणूस मी एकच पाहिला. लातूरच्या कोचिंगच्या दुनियेत त्याला बल्ब सर म्हणत. टेबलावर एक लाकडी फळी, फळीवर होल्डर, होल्डरमध्ये पारदर्शक काचेचा साधा बल्ब, आणि सरांचं बोट बटनावर. बोट तसंच ठेवून हा माणूस वर्गाला विचारायचा, "दाबू का?" पोरं म्हणायची, दाबा. "दाबल्यावर काय हुईल?" बल्ब लागेल. "का लागंल?" आणि कुणीतरी पटण्यासारखं उत्तर देईपर्यंत बोट हलायचं नाही. कधी अख्खा तास संपायचा आणि बोट तिथंच. मग पोरं घरी जाताना वाटेतल्या प्रत्येक दुकानाच्या दिव्याकडे संशयानं पाहत जायची.

मीही फिजिक्सचाच शिक्षक. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी सुरू केली आणि तिथूनच निवृत्त झालो. माझ्या वर्गात बटन दाबलं की बल्ब लागायचा आणि पोरं वहीत लिहून घ्यायची. टाळ्या कधी पडल्या नाहीत. बल्ब सरांचा हेवा मी नोकरीभर केला, आणि बराच काळ तो विनोदावारी नेला. माझे विद्यार्थी त्याच्याकडे गेले तेव्हाही विनोद पुरला. पण माझी एकुलती एक मुलगी त्याच्याकडे फिजिक्स शिकायला निघाली, तेव्हा पुरेना.

आमची ओळख नांदेडची, कॉलेजातली. आम्ही एका खोलीत राहायचो. खोलीवर एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायची पद्धत होती. मी शिरूर अनंतपाळचा म्हणून 'शिरूर', तो अर्धापूरच्या केळीच्या बागांमधून आलेला म्हणून 'अर्धापूर'. त्याच्या घरून केळीचे घड यायचे आणि आमच्या खोलीला कायम पिकल्याचा वास असायचा. अभ्यासात मी पहिला, तो जेमतेम पास होणारा. पुढे विद्यापीठाचं सुवर्णपदक मला मिळालं. हे मी सांगतो आहे, कारण दुसरं कुणी कधी सांगत नाही.

आम्ही ज्यांच्याकडे जेवायचो त्या खानावळवाल्या मावशींनी एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "पोराहो, खांब तिकडं चौकात. वायर पार हितवर. बटन दाबलं की लाईट लगोलग कशी येते रे? मोटार चालू केली तर पाणी यायला केवढा येळ लागतो."

प्रश्न उत्तम होता. मी विद्युतक्षेत्रापासून सुरुवात केली. क्षेत्र तारेच्या कडेनं जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पसरतं, वगैरे. मावशी मान डोलवत होत्या, पण ती मान भाकरीच्या तालावर डोलत होती. मी थांबलो तेव्हा अर्धापूर म्हणाला, "मावशी, मोटार चालू केल्यावर पाणी उशिरा कधी येतं?"

"पाईप मोकळा असला की."

"आन पाईप आधीच भरलेला असला तर?"

"मग काय, इकडून ढकललं की तिकडं पडतंय."

"हां. वायर भरलेलीच असती, मावशी. कायमची. बटन दाबलं की समदे इलेक्ट्रॉन एकदम सरकतात. तसे ते लई हळू चालतात. मुंगी बी पुढं जाईल."

"आमच्या मालकावानी म्हण की," मावशी म्हणाल्या. "ते बी आफिसात तसंच चालतात." आणि त्यांनी तव्यावरची पहिली फुगलेली भाकरी त्याच्या ताटात टाकली. मला विद्यापीठानं पदक दिलं, पण ती भाकरी काही मिळाली नाही. तेव्हापासून मला या माणसाचा जो त्रास सुरू झाला, तो शेवटपर्यंत गेला नाही.

मी लातूरला नोकरीला लागलो. तो किल्लारीकडच्या एका गावात शाळामास्तर झाला. हिशेब बरोबर झाला असं मला वाटलं. मग भूकंप झाला.

आमच्या कॉलेजची गाडी ब्लँकेटं घेऊन तिकडे गेली, तीत मी होतो. तो शिकवायचा ते गाव उरलं नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये लोक राहत होते आणि अशाच एका शेडमध्ये त्याची शाळा भरत होती. तिथं एक नवी रीत पडली होती. शेडमध्ये लाईट आल्यावर लोकांनी बल्ब लांब वायरला टांगते ठेवले होते. बल्ब हलला की जमीन हलली असं समजायचं आणि बाहेर पळायचं. बायका भाकऱ्या करताना वर बघायच्या, म्हातारे बोलता बोलता वर बघायचे. शाळेतली पोरं तर फळ्याकडे बघतच नव्हती. वाऱ्यानं बल्ब जरा झुलला की सगळा वर्ग मैदानात. आत आणून बसवावं तर पुन्हा झुळूक. हजेरी घ्यायची त्यानं बंद केली होती. का, ते मी विचारलं नाही.

मी गेलो तेव्हा तो फळ्याकडे पाठ करून पोरांमध्ये मांडी घालून बसला होता आणि पोरांसारखाच वर बघत होता. एक मुलगी म्हणाली, "सर, हालला."

"हालला. वाऱ्यानं हालला. बस खाली," तो म्हणाला. "आता न हालता त्याच्या आत काय चाललंय ते सांगू का?"

कुणी उठलं नाही.

"आत बारीक तार हाय, दिसती का? केसावानी. बाहेरच्या जाड वायरीतून इलेक्ट्रॉन निवांत येतात. हितं आले की जागा कमी. मग दाटी, ढकलाढकली. तारेतले अणू जागच्या जागी थरथरून राहिलेत. जास्ती थरथरले की तार तापती. आणखी थरथरले की लाल हुती, मग पिवळी, मग ही अशी."

मुलीनं वर बघत विचारलं, "म्हंजी आत भूकंप चालू हाय?"

"हाय. रोजच हाय. पर तार जागा सोडत न्हाई. म्हणून उजेड हाय."

पोरं पुन्हा वर बघायला लागली. पण आता ती निराळ्या नजरेनं बघत होती. थोड्या वेळानं वारा आला, बल्ब झुलला, आणि दोघं-तिघं सोडले तर वर्ग बसून राहिला.

अशा जागी लेखकाचे डोळे पाणावतात, अशी आपल्याकडे पद्धत आहे. माझ्या पोटात दुखलं. उष्णता म्हणजे अणूंची थरथर, हे मी झोपेतही सांगितलं असतं. तापमान वाढलं की प्रकाशाचा रंग कसा बदलतो, त्याचं समीकरण मी फळ्यावर मांडून दाखवलं असतं. पण हे वाक्य मला सुचलं नसतं, आणि ते माझं असायला हवं होतं. ज्याचं गाव गेलं, ज्याच्या हजेरीपटावरची नावं गेली, त्या माणसाचा मी हातात ब्लँकेटं घेऊन हेवा करत उभा होतो. सरकारी पंचनाम्यात माझ्यासारख्या माणसासाठी रकाना नसतो.

पुढे लातूरला कोचिंगचं पीक आलं. ज्या गल्लीत पूर्वी किराणा आणि शिवणकाम चालायचं तिथं वर जिना काढून क्लास निघाले. निकाल लागला की उघड्या जीपमधून गुणवंतांची मिरवणूक निघायची, पुढे बँड, मागे पालक, आणि गुणवंताच्या गळ्यात इतके हार की तो गुणवंत आहे की नवरदेव ते कळायचं नाही. कुणीतरी अर्धापूरला किल्लारीकडून उचलून लातुरात आणलं. फलकावर त्याचा फोटो झळकला आणि डोक्यामागे पेटलेला बल्ब. पूर्वी संतांच्या तसबिरीत डोक्यामागे जे असायचं, त्याला निदान वायर नसायची.

नम्रता त्याला कधी जमली नाही, हे मी त्याच्याविरुद्ध नोंदवून ठेवतो. चौकात भेटला की विचारायचा, "शिरूर, फोटो कसा आलाय?"

"बल्ब चांगला आलाय," मी म्हणायचो.

"तेच म्हणून राहिलो मी. फोटोवाल्याला सांगितलं व्हतं, माझ्याकडं बघ म्हणून." आणि खो खो हसायचा. टोमणा लागतच नसेल तर मारणाऱ्याचाच हात दुखतो.

त्या काळात लोडशेडिंग जोरात होतं. इतर क्लास जनरेटर लावायचे. हा लावायचा नाही. लाईट गेली की म्हणायचा, "आता सांगा, इलेक्ट्रॉन कुठं गेले?" पोरं म्हणायची, संपले. "संपत न्हाईत. वायरीतच बसून हायेत. इलेक्ट्रॉन मंडळाकडून येत न्हाईत, बाबांनो. तुमच्या घरच्या वायरीतले इलेक्ट्रॉन तुमच्या घरचेच. मंडळ त्यांना फक्त हालवतं, पुढं-मागं, पुढं-मागं. बिल हालवायचं येतं." माझ्या वर्गात हजेरीपुरतं येऊन डुलक्या घेणारी पोरं दुपारी त्याच्या अंधाऱ्या हॉलमध्ये घाम पुसत हे ऐकायची, आणि दुसऱ्या दिवशी मलाच सांगायची, "सर, इलेक्ट्रॉन आपल्या घरचेच असतात, माहीत आहे का?" माहीत आहे, मी म्हणायचो. तरी ती मला समजावून सांगायचीच.

मेघना, माझी मुलगी, बारावीला आली. आमच्या गावात बारावीला आलेलं मूल ही घरातली अडचणीची वस्तू असते. सगळ्यांनी आवाज हळू करून तिच्याभोवती वावरायचं. तिनं डॉक्टर व्हायचं हे ठरलेलंच होतं. इतर विषयांना क्लास, आणि फिजिक्स घरी, बापाकडे. त्यात मला आनंद होता, आणि थोडा सूडही. माझा एक तरी विद्यार्थी असा असणार होता, जो त्याच्याकडे गेला नाही.

विद्युतधारेच्या धड्यापाशी गाडी अडली. तिनं विचारलं, "बाबा, तारेतून आणि बल्बमधून करंट तोच जातो ना? मग बल्बच का पेटतो? तार का नाही पेटत?"

मी सूत्र लिहिलं. धारेचा वर्ग गुणिले रोध. बारीक तारेचा रोध जास्त, म्हणून उष्णता जास्त. तिनं ते उतरवून घेतलं, खाली रेघ मारली आणि पेन बंद केलं.

"कळलं?"

"फॉर्म्युला कळला," ती म्हणाली. "बल्ब नाही कळला."

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. चाचणीत त्या धड्याचे मार्क गेले. शेवटी तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, तिला त्यांच्याकडे पाठवा."

"कुणाकडे?"

"उगीच विचारू नका," ती म्हणाली.

मी गेलो. जिन्यावर पालकांची रांग होती, तीत उभा राहिलो. माझेच दोन माजी विद्यार्थी आता पालक होऊन माझ्यापुढे होते. त्यांनी मला पुढे जाऊ दिलं, ते न देते तर बरं झालं असतं. अर्धापूर बाहेर आला.

"शिरूर, तू हितं कसा? आमचं इन्स्पेक्शन करून राहिलास काय?"

"मेघनाचं नाव घालायचं आहे. फिजिक्सला."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "तुझी पोरगी? माझ्याकडं?" हसला नाही. हसला असता तर मला सोपं गेलं असतं.

पहिल्याच आठवड्यात ती घरी आली आणि दप्तर न काढता मला शिकवू लागली. "बाबा, एका सेकंदात जाड तारेतून जेवढे इलेक्ट्रॉन जातात तेवढेच बारीक तारेतूनही जायला हवेत. मधे कुठं साचता येत नाही. मग बारीक तारेत त्यांना पळावंच लागतं. पळाले की धक्के जास्त. म्हणून तीच पेटते. आणि काच कशाला माहितीये? हवा आत नको म्हणून. हवाच नसली तर तापतं, पण जळून जात नाही. आणि गंमत म्हणजे, सगळ्या तापण्यातून उजेड अगदी थोडा मिळतो. बाकी नुसतीच उष्णता."

तापायचं, पण जळून मोकळं व्हायचं नाही, आणि उजेड अगदी थोडा. ही माहिती मला नवीन नव्हती. मी ती इतकी वर्षं जगत होतो.

पण तिच्या बोलण्यात मला एक फट सापडली आणि मी तीत शिरलो. "धक्के वगैरे खरं नाही," मी म्हणालो. "अणू अगदी शिस्तीत, ओळीनं, स्थिर उभे असतील तर इलेक्ट्रॉन त्यांच्यामधून विनाअडथळा निघून जातो. तो तरंगासारखा वागतो. अडथळा होतो तो अणूंच्या थरथरण्यानं, नाहीतर ओळीत कुठं दोष असला तर. तुझ्या सरांनी सांगितलं ते चूक आहे." हे शेवटचं वाक्य मी फार वर्षं जपून ठेवलं होतं. म्हणताना बरं वाटलं.

मेघना म्हणाली, "हो, सरच म्हणाले तसं. हे अर्धंच खरं आहे म्हणाले. उरलेलं अर्धं त्यांना येत नाही. 'तुझ्या बापाला येतं,' म्हणाले. 'नांदेडला खोलीवर मला समजावून सांगायचा, पर माझ्या डोक्यात शिरलं न्हाई. तू त्याच्याकडून शीक, आन मला येऊन सांग.'"

मी खुर्चीवर बसलो. मग फळा नव्हता म्हणून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर काढून तिला सांगायला लागलो. ती विचारत गेली. स्थिर म्हणजे किती स्थिर? थंड केलं तर? अगदीच थंड केलं तर? तिच्या आईनं भाजी दोनदा गरम केली. त्या संध्याकाळी, आणि नंतरच्या कितीतरी संध्याकाळी, समोरचं माणूस मला प्रश्न विचारत होतं आणि उत्तर ऐकायला थांबत होतं. शिक्षक म्हणून माझ्या वाट्याला आलेले हे सगळ्यात चांगले दिवस. ते मला त्याच्या शिफारशीवर मिळाले होते, आणि हे मी एकाही संध्याकाळी विसरू शकलो नाही.

तिनं जाऊन त्याला सांगितलं. त्यानं तिला वर्गासमोर फळ्यापाशी उभं केलं, खडू दिला आणि स्वतः पहिल्या बाकावर पोरांत जाऊन बसला. तास संपेपर्यंत ती बोलत होती. घरी आली आणि म्हणाली, डॉक्टर व्हायचं नाही. फिजिक्स करायचं, आणि शिकवायचं.

लातुरात चांगले मार्क पडणाऱ्या मुलीनं असं म्हणणं म्हणजे घरात सुतकच. नातेवाईक समजूत घालायला येऊन गेले. तिची आई एवढंच म्हणाली, "हे तुझ्या डोक्यात भरवलं कुणी?"

"कुणी नाही. बल्ब सरांनी फळ्यापाशी उभं केलं ना, तेव्हाच ठरलं."

फळ्यापाशी उभी राहून ती जे बोलली होती त्यातला शब्द न् शब्द मी शिकवलेला होता. पण फळा त्याचा होता.

गेल्या वर्षी तो गेला. हृदयविकार, अचानक. लातूरला नंतर मोठी शोकसभा झाली. तीत त्याला ज्ञानसूर्य, दीपस्तंभ आणि प्रकाशपुत्र म्हटलं गेलं. उजेड म्हणजे काय हे नीट सांगण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्यासमोर उजेडाबद्दल इतकं ढिसाळ कुणी बोललं असतं तर त्यानं त्याला बटनाला हात लावू दिला नसता. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नको म्हणालो. मला बोलता आलं असतं, पण लोक माझ्या बोलण्याची त्याच्याशी तुलना करतील, अशी मला तिथंही धास्ती होती.

पण मला आठवते ती त्याच्या अंत्यविधीची संध्याकाळ. अर्धापूर गावी, त्याच्या शेतात, आम्ही त्याला निरोप दिला आणि तिथून मी नांदेडला मेघनाच्या घरी आलो. ती आता तिथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. ती स्वयंपाकघरात खाली बसली आणि रडायला लागली. बराच वेळ रडली. मी गेल्यावरही ती रडेल, याची मला खात्री आहे. पण ते वडील गेले म्हणून. हे रडणं निराळं होतं, आणि ते मी दारात उभा राहून, अंघोळीचे ओले केस पुसत, हेव्यानं ऐकत होतो.

मी पेल्यात पाणी आणून दिलं. तिनं तो हातात घेतला, पण प्यायली नाही.

"शिकवताना अजून कुठंतरी अडतं हो, बाबा," ती म्हणाली. "आता अडलं तर विचारू कुणाला?"

मी तिच्या समोरच उभा होतो. अशा वेळी तिला माझं नाव सुचवणारा माणूस एकच होता, आणि त्यालाच आम्ही पोचवून आलो होतो.